मित्र खचलाय असं वाटतंय? विचारायचं कसं, ऐकायचं कसं आणि पुढे न्यायचं कुठे

घर सोडून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्यांसाठी हे लिहितोय. पुणे असो, लातूर असो, संभाजीनगर, नागपूर नाहीतर पणजी, हॉस्टेलला असा किंवा कॉट बेसिसवर चौघांत एक खोली घेतलेली असो, तुमच्या आजूबाजूच्या पोरापोरींना रोज जवळून बघणारे तुम्हीच असता. त्यांचे आईवडील दिवसाला दहा मिनिटं फोनवर असतात आणि फोनवर सगळेच "हो जेवलो, अभ्यास मस्त चाललाय" म्हणतात. सरांना वर्गात दोनशे डोकी दिसतात. कोण रात्री तीनपर्यंत छताकडे बघत पडलेला असतो ते फक्त बाजूच्या कॉटवरच्याला माहीत असतं.

मी पण त्या बाजूच्या कॉटवर होतो. २०२३ ची गोष्ट, सदाशिव पेठेत आम्ही चौघं राहायचो, सगळे स्पर्धा परीक्षावाले. त्यातला एक, नाव देत नाही, मेसचा डबा आला की सगळ्यात आधी झाकण उघडून "भाजी कुठली रे" म्हणून ओरडायचा. पूर्व परीक्षेचा निकाल लागला, त्याचं दोन मार्कांनी हुकलं, आणि नंतर त्याचा डबा दुपारी आला तसा रात्रीपर्यंत दाराशीच राहायला लागला. आम्ही म्हटलं टेन्शनमध्ये आहे, होईल नॉर्मल. मग एक दिवस त्याने त्याच्या नोट्सचे सहा गठ्ठे माझ्या टेबलवर आणून ठेवले. प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या स्केचपेनने विषय लिहिलेला, कडेला रंगीत कागदाच्या खुणा चिकटवलेल्या, तीन वर्षांची मेहनत होती ती. म्हणाला, "तुला उपयोगी पडतील, मला आता काय करायचंय." आणि मी खुश झालो. खरंच सांगतो, खुश झालो, त्या नोट्स भारीच होत्या.

संध्याकाळी अभ्यासिकेच्या खाली चहा पिताना एका मैत्रिणीला हे कौतुकाने सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्याने असं का दिलं ते विचारलंस का?" तिच्या कॉलेजात एनएसएसतर्फे १० सप्टेंबरला, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनाला, दोन तासांचं एक शिबिर झालं होतं. त्यात सांगितलेलं तिच्या लक्षात होतं की जपून ठेवलेल्या वस्तू माणूस अचानक वाटायला लागला तर थांबून विचारायचं. जे मला कौतुकाचं वाटलं तेच तिला धोक्याचं वाटलं, फरक फक्त त्या दोन तासांचा होता. मी त्याच्याशी चोवीस तास राहून जे बघितलं नाही ते तिने त्याला न बघता ओळखलं.

म्हणून हा विषय "आपल्याला काय करायचंय, ते डॉक्टर लोकांचं काम" म्हणून सोडू नका. उपचार हे डॉक्टरांचंच काम आहे, पण तिथपर्यंत न्यायचं काम मित्राचं आहे. युरोपात सेल नावाचा एक मोठा अभ्यास झाला, १० देश, १६८ शाळा, ११ हजारांवर मुलं, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटात शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, एका गटात मुलांची तपासणी करून ज्यांना गरज त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि एका गटात थेट मुलांनाच शिकवलं, चार आठवड्यांत मिळून साधारण पाच तास, त्यात गप्पा होत्या, एकमेकांच्या भूमिका करून बघणं होतं. वर्षभरानंतर बघितलं तर काहीच न शिकवलेल्या मुलांच्या तुलनेत या तिसऱ्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. बाकीच्या दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. पोरांनाच शिकवलं तर फरक पडतो, एवढं तरी यातून कळतं.

आणि आपल्याकडे हे किती गरजेचं आहे ते पण बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात त्या वर्षी १३,०४४ विद्यार्थी असे गेले आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रातले होते. या आकड्यांवर जास्त वेळ घालवत नाही, कामाला लागू.

पायरी १: आजच करायची तयारी

वेळ आल्यावर नंबर शोधायला हात चालत नाहीत, त्यामुळे आत्ता वाचता वाचताच फोनमध्ये सेव्ह करा. १४४१६, हा टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा त्यांचाच दुसरा नंबर. लगेच मदत पाहिजे असेल तर ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, मुलगा-मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ पण आहे. आणि रॅगिंगचा मामला असेल तर त्यासाठी वेगळी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२.

त्यानंतर एक काम जे कोणीच करत नाही. रूममेटच्या घरचा एक नंबर घेऊन ठेवा. आई, दादा, ताई, मामा, कोणाचाही, आणि तुमच्या घरचा त्याला द्या. खोलीत राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यातच करा, तेव्हा कोणाला काही वाटत नाही, "कधी आजारी पडलो तर असू दे" एवढं म्हटलं की झालं. आमच्याकडे त्याच्या दादाचा नंबर होता तो पण योगायोगाने, एकदा त्याने माझ्या फोनवरून कॉल केला होता म्हणून.

जवळचा सरकारी दवाखाना कुठला ते पण माहीत करून घ्या. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं, खर्च अगदी थोडा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मोठी संस्था आहे. नुसतं नाव ऐकून घाबरू नका, तिथे रोज शेकडो लोक साध्या ओपीडीसाठी जातात आणि गोळ्या घेऊन घरी येतात.

पायरी २: बदल बघा, नुसते शब्द नाही

आपल्या बोलण्यात मरण दिवसभर असतं. "मेलो रे आता", "जीव गेला माझा", "मर जा", कट-ऑफ बघून "संपलो मी". त्यामुळे नुसत्या शब्दावर गेलात तर एकतर सगळ्यांवरच संशय घ्याल नाहीतर कोणावरच घेणार नाही. बघायचं ते हे की हा माणूस त्याच्या नेहमीच्या सवयीपासून किती लांब गेलाय. बडबड्या गप्प झाला, शांत होता तो उगाच चिडायला लागला, रोज अंघोळ करून गंध लावणारा तीन दिवस त्याच टीशर्टात, झोप एकतर उडालेली नाहीतर दिवसभर पांघरुणात, दारू किंवा बाकीची नशा वाढली, घरचे फोन कट करतो, मेस बुडवतो, आवडीच्या मॅचला पण उठून बसत नाही. एखादी गोष्ट दोन दिवस झाली तर ठीक आहे, सगळ्यांचंच होतं. दोन-तीन गोष्टी एकत्र येऊन आठवडा-दोन आठवडे टिकल्या तर जवळ जा.

काही वाक्यं मात्र कधीच सोडून देऊ नका. "माझ्यामुळे घरच्यांना नुसता त्रास", "मी नसतो तर बरं झालं असतं", "आता कशातच अर्थ नाही", "लवकरच सगळं सुटेल". मुली बऱ्याचदा वेगळ्या शब्दांत बोलतात, "कायमची झोपून जावंसं वाटतं", "कुठेतरी निघून जावं, परत येऊच नये". वस्तू वाटणं, सगळ्यांची उगाच माफी मागणं, उधारी चुकती करणं, निरोपासारखं स्टेटस, हे पण यातच येतं. आणि अजून एक, महिनाभर अगदी खचलेला माणूस एका रात्रीत एकदम शांत आणि हलका झाला तर "चला, सुटला एकदाचा" असं समजू नका, उलट त्याच दिवशी जाऊन बोला.

निकाल, ब्रेकअप, बॅकलॉग, रॅगिंग, जातीवरून टोमणे, घरचं कर्ज, कोणाचे फोटो व्हायरल होणं, अशा वेळी जरा जास्त लक्ष ठेवा. पण "एवढ्याशा कारणासाठी?" असं कधीच डोक्यात आणू नका. कारण कधीच एक नसतं, वरवर दिसणारं शेवटचं असतं फक्त, खाली बरंच काही साचलेलं असतं.

पायरी ३: विचारा, आणि तो शब्द वापरून विचारा

इथे सगळ्यात जास्त पोरं अडकतात, मी पण अडकलो. भीती ही असते की आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेला विचार घातला तर? असं होत नाही. यावर जगभर बरंच संशोधन झालंय आणि विचारल्यामुळे विचार वाढतो असं कुठेच दिसलेलं नाही, उलट विचारल्यावर मोकळं वाटतं. जो माणूस महिनाभर ते ओझं एकटाच उचलतोय त्याला कोणीतरी पहिल्यांदा म्हणतो की हो, मला दिसतंय.

मैत्रिणीने मला सांगितलं की आधी आरशासमोर एकदा बोलून बघ, नाहीतर ऐनवेळी शब्द गिळशील. मला ते विचित्र वाटलं, पण मी बाथरूममध्ये नळ सोडून दोनदा बोलून बघितलं आणि ते खरोखर कामाला आलं. तुम्ही पण करा. समोरासमोर बसून डोळ्यात बघून हे विचारणं अवघड जातं, चालता चालता सोपं जातं, कारण दोघं पुढे बघत असता. आम्ही जेवण झाल्यावर टिळक रोडने निघालो. मी म्हटलं, "भाऊ, पंधरा दिवस झाले तू नीट जेवत नाहीस, नोट्स पण देऊन टाकल्यास. मला तुझी काळजी वाटते. तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?"

एस.पी. कॉलेजपासून अलका चौकापर्यंत तो काही बोलला नाही. बसचे हॉर्न, गाड्या, सगळा आवाज चालू, आणि तो गप्प. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "हो, येतो."

बघा, वाक्यात तीन गोष्टी होत्या, मी काय बघितलं, मला काय वाटतं, आणि सरळ प्रश्न. "जिवाचं काही बरंवाईट करणार नाहीस ना?" असं विचारू नका. घराघरात असंच विचारतात, पण त्या "नाहीस ना" मध्येच उत्तर असतं, समोरच्याला कळतं की याला 'नाही' ऐकायचंय, आणि तो "नाही रे" म्हणून मोकळा होतो. "वेड्यासारखं काही करू नको हं" हे तर अजिबात नको.

तो 'नाही' म्हणाला तर? ठीक आहे, "बरं, पण कधीही वाटलं तर मला उठव, रात्री तीनला पण उठव" असं सांगून ठेवा आणि दोन दिवसांनी परत विचारा. चिडला तर चिडू दे.

पायरी ४: ऐका, म्हणजे खरंच नुसतं ऐका

तो हो म्हणाला त्या सिग्नलवर मी काय बोललो माहितीये? "अरे असं काय बोलतोस, आईबाबांचा विचार कर ना, त्यांनी शेत गहाण ठेवून शिकवलं तुला." माझ्या दृष्टीने मी त्याला जगण्याचं कारण देत होतो. त्याचा चेहरा दारासारखा बंद झाला. कारण तो आईबाबांचाच विचार करत होता, रात्रंदिवस तोच करत होता, त्यानेच तर पोखरला होता. मला ते कळायला अर्धा मिनिट लागला, मग म्हटलं, "सॉरी, मी चुकलो. तू सांग, मी मध्ये बोलत नाही." आणि मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तो जवळजवळ दीड तास बोलला.

त्यामुळे या गोष्टी त्या वेळी तोंडातून काढू नका: आईबाबांचा विचार कर, लोकांचं बघ किती हाल आहेत, पॉझिटिव्ह राहा, माझं पण असंच झालं होतं, आत्महत्या म्हणजे पळपुटेपणा, देवाचं नाव घे. सगळं चांगल्या मनानेच बोललं जातं पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की माझं ऐकायला कोणी तयार नाही. त्यापेक्षा "किती दिवसांपासून असं वाटतंय", "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो", "बरं झालं मला सांगितलंस" एवढं पुरतं. मध्ये शांतता आली तर येऊ दे, तुम्ही भरू नका. रडला तर रडू दे, पाणी द्या, फोन खिशात ठेवा.

अजून एक विचारायचं असतं, जड जातं पण विचारा, की कसं आणि कधी करायचं असं काही ठरवलंय का. नुसता विचार येतोय आणि ठरवून ठेवलंय यात फरक आहे. ठरवलेलं असेल तर पुढच्या पायरीला एक मिनिट पण थांबायचं नाही. त्याने ज्या वस्तूचा उल्लेख केला ती त्याच्या आसपास राहता कामा नये, हे त्याच्याशी बोलून, त्याच्यासमोरच करा, किंवा वॉर्डनला, घरच्यांना करायला सांगा. अशी ऊर्मी बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते, तेवढा वेळ निघून जाणं फार महत्त्वाचं असतं.

उपाय सांगायची घाई नको. दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून त्याच वर्षी लगेच होते, एटीकेटी असते, वय असतं, दुसरे मार्ग असतात, हे सगळं खरं आहे आणि सांगायचंही आहे, पण आज नाही. आठवड्याने, तो थोडा सावरल्यावर, कागद-पेन घेऊन बसा.

पायरी ५: शपथ घेऊ नका

"कोणाला सांगणार नाही अशी शपथ घे, मग सांगतो." हे हमखास येतं. मित्र म्हणून आपला जीव तुटतो, आपण शपथ घेतो, आणि मग ते गुपित एकटेच घेऊन फिरतो, झोप आपली पण उडते. घेऊ नका. मी जे बोललो ते तसंच देतो, हवं तर वापरा: "पोरीचं मॅटर असतं, पैशाचं असतं, तर मेलो तरी बोललो नसतो. हे तुझ्या जिवाचं आहे, हे मी एकटा नाही सांभाळू शकत. पण तुझ्यामागे काही करणार नाही, कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." निवड त्याच्याकडे ठेवायची, दादा की आई, सर की मामा. "कोणालाच नाही" हा पर्याय तेवढा नाही. पुढे तो चिडला, बोलायचा बंद झाला, तरी चालेल. रुसलेला मित्र वर्षाने तरी परत बोलतो.

आम्ही खोलीवर येऊन १४४१६ लावला, स्पीकरवर. आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. त्याला बोलायला जमत नव्हतं म्हणून सुरुवातीचं मी बोललो, "मी मित्र बोलतोय, तो माझ्याशेजारी बसलाय." हे चालतं, मित्र म्हणून तुम्ही एकटे पण फोन करून विचारू शकता की मी काय करू. मग त्याच्या दादाला फोन केला. दादांना सांगताना "तो असं असं करणार होता" असं धक्क्याने सांगू नका, "दादा, तो सुखरूप आहे, माझ्याशेजारी आहे, पण त्याला खूप त्रास होतोय आणि मनात जीव द्यायचे विचार येतायत, तुम्ही या" असं सांगा, सुखरूप आहे हे पहिल्यांदा. दादा पहाटेच्या एसटीने निघाले. त्या रात्री आम्ही तिघं आलटून पालटून जागे राहिलो. दुसऱ्या दिवशी ससून या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो, लाइन मोठी होती, दादा केसपेपर घेऊन उभे आणि आम्ही दोघं बाकावर.

हॉस्टेलला असाल तर वॉर्डन किंवा कॉलेजचे समुपदेशक. एकाने ऐकलं नाही, "नाटक करतोय तो" म्हणाले, तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. आमच्याही ओळखीतल्या एका मोठ्या माणसाने हेच ऐकवलं होतं, तेव्हा फार राग आला होता. जो लक्ष वेधतोय असं वाटतं त्याला लक्षाची गरज आहे म्हणूनच वेधतोय, एवढं साधं आहे ते.

आत्ता, या क्षणी धोका असेल तर

त्याला एकटं सोडू नका. बाथरूमला गेला तरी दाराबाहेर थांबा, कडी लावू नको म्हणून सांगा. एकजण त्याच्याजवळ, दुसरा ११२ किंवा १०८ ला फोन, तिसरा वॉर्डनकडे. स्वतःचा जीव धोक्यात घालून झटापट करू नका, हळू आवाजात बोलत राहा. काही करून घेतलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना, आणि काय झालं ते डॉक्टरला खरं सांगा.

"पोलीस केस होईल" म्हणून लपवायची पद्धत आहे आपल्याकडे, हॉस्टेलवाले पण लपवतात. ती भीती जुन्या कायद्याची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलम नाहीच. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होऊ शकते, ती त्यांची कामाची पद्धत आहे, त्याला घाबरून उपचार लांबवू नका.

मित्र लांब असेल, मेसेजवर बोलत असेल

रात्री दीडला मेसेज येतो, "थँक्स फॉर एव्हरीथिंग भावा". टाइप करत बसू नका, फोन लावा. उचलला तर बोलतं ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्याच्या रूममेटला, घरच्यांना, शेजाऱ्याला जागं करा. कुठे आहे ते विचारा. उचलत नसेल तर ११२ ला पत्ता द्या. इन्स्टावर अनोळखी कोणी असं टाकलं असेल तर रिपोर्टमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय असतो, तो वापरा. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, अजिबात नाही, उद्या त्याला त्याच वर्गात बसायचं असतं.

नंतरचे आठवडे

दवाखान्यातून आला म्हणजे संपलं असं नाही, घरी परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडेच जपायचे असतात. गोळ्या सुरू झाल्या तरी परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, मधेच "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नको एवढं म्हणा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोट्टो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एक साधं काम केलं होतं. हॉस्पिटलातून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या लोकांपैकी अर्ध्यांना ते पाच वर्षं अधूनमधून छोटं पत्र पाठवत राहिले, दोन ओळींचं, तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, उत्तर द्यायची सक्ती नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत मृत्यू कमी झाले. आपल्या हातात तर दिवसभर व्हॉट्सॲप आहे. "उत्तर देऊ नको, सहज आठवण आली" एवढंच. समुद्राचा फोटो, मेसच्या भाजीचा फोटो, काहीही चालतं.

त्याच्याशी काचेच्या भांड्यासारखं वागू नका. आम्ही पहिला आठवडा इतकं हळू बोलायचो की शेवटी तोच म्हणाला, "अरे शिव्या तरी द्या." त्याच्या पाठीमागे चर्चा नको, आणि ग्रुपात कोणी "तो मेंटल झालाय" म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा.

तुमचं पण बघा. मी महिनाभर झोपेतून दचकून उठायचो, तो कॉटवर आहे का बघायचो. शेवटी मी पण १४४१६ ला फोन केला, स्वतःसाठी. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था या विषयात काम करते, टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल आहे, गोव्यात कूज आहे, अशा ठिकाणी बोलणारे लोक तयारीचे असतात. आणि सगळं करून पण कोणी गेलं, तर तो दोष तुमचा नाही. हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात तसे विचार असतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी शेजारच्याला उठवा किंवा १४४१६ लावा.

कॉलेजात मागून घ्यायचं

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात, कोचिंग क्लासेस आणि हॉस्टेलसकट. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, हेल्पलाइनचे नंबर वर्गात आणि हॉस्टेलला मोठ्या अक्षरात, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग, मार्कांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत. तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघा, नसेल तर चार-पाच जण मिळून प्राचार्यांना अर्ज द्या. एनएसएसच्या सरांना गाठून शिबिर ठेवायला सांगा, दोन तासांचं पुरतं, पण त्यात नुसतं भाषण नको, पोरांना जोड्या करून तो प्रश्न एकमेकांना मोठ्याने विचारायला लावा. आमच्या अभ्यासिकेत आम्ही केलं तेव्हा पहिली दहा मिनिटं सगळे हसत होते, मग हळूहळू शांत झाले, आणि शिबिर संपल्यावर एक मुलगी मागे थांबली.

नंबराचा कागद आम्ही पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलाय. नोटीस बोर्डावर लावला होता आधी, पण तिथे उभं राहून नंबर टिपायला सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. पाणी भरताना बाटली भरेपर्यंत तसंही तिथे उभं राहावंच लागतं.